शेवटच्या रुग्णानंतरची कुपी

भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावात तीन रोगांच्या खुणा आजही सापडतात. साठीच्या पुढच्या माणसाच्या हातावर देवी काढल्याचे गोल वण असतात. गुरांमागे हयात घालवलेल्या म्हाताऱ्याला ‘बुळकांडी’ हा शब्द ठाऊक असतो. आता तो पोट बिघडलेल्याची थट्टा करण्यापुरता उरला आहे, पण एकेकाळी तो कानावर आला की गुरंवाल्याच्या पोटात गोळा यायचा. आणि पोलिओच्या रविवारी बूथवरून परतणाऱ्या पोराच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण असते. वण, शब्द आणि शाई. यातल्या देवी आणि बुळकांडी जगातूनच गेल्या. पोलिओचा रानटी, म्हणजे निसर्गात फिरणारा विषाणू भारतातून गेला.

गेला म्हणजे कुठे गेला? माणसांच्या आणि गुरांच्या अंगातून गेला, सांडपाण्यातून गेला. काचेच्या आणि प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांमधून मात्र गेलेला नाही. उणे ऐंशी अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये या तिन्ही रोगांचे विषाणू जगात कुठे ना कुठे ठेवलेले आहेत, आणि बाहेर काढून योग्य पेशींवर सोडले तर ते पुन्हा वाढतील. रोगाची साथ चालू असताना प्रयोगशाळेतून विषाणू निसटला, तर बाहेरच्या हजारो रुग्णांत आणखी एकाची भर पडते. रोग संपल्यावर निसटला, तर तो एकच रुग्ण नव्या साथीचा पहिला रुग्ण ठरू शकतो. मधल्या काळात लस थांबलेली असते आणि नव्या पिढीच्या अंगात त्या रोगाची ओळखही नसते. म्हणून निर्मूलनाची मोहीम जसजशी यशस्वी होते, तसतशी कुपी जास्त धोक्याची होत जाते. या कुप्यांचं काय करायचं, हा प्रश्न तिन्ही रोगांनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला. उत्तरंही वेगवेगळी मिळाली.

देवी: खालच्या मजल्यावरचा रोग

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोमालियातल्या मर्का गावच्या अली माओ मालिन या इस्पितळातल्या स्वयंपाक्याला देवी आली. निसर्गात झालेली ती शेवटची लागण. तो बरा झाला. जगाने सुटकेचा श्वास सोडला आणि दहाच महिन्यांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये देवीने पुन्हा डोकं वर काढलं.

जेनेट पार्कर तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकार होत्या. त्यांच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर प्राध्यापक हेन्री बेडसन यांची देवीच्या विषाणूवर काम करणारी प्रयोगशाळा होती. पार्कर यांचा त्या प्रयोगशाळेशी कामाचा संबंध नव्हता. ऑगस्ट १९७८ मध्ये त्या आजारी पडल्या आणि ११ सप्टेंबरला वारल्या. त्याआधी चारच दिवस बेडसन यांनी आत्महत्या केली होती. विषाणू हवेच्या वाहिनीतून वर गेला असावा असं चौकशीत सुचवलं गेलं, पण तो नेमका कसा पोचला हे निर्विवादपणे कधीच सिद्ध झालं नाही. देवीने मेलेलं जगातलं शेवटचं माणूस प्रयोगशाळेच्याच इमारतीत कामाला होतं, एवढंच पक्कं आहे.

बर्मिंगहॅमने जगाला हलवलं. तोवर देवीचे नमुने कितीतरी प्रयोगशाळांमध्ये पडून होते, कारण रोग असताना ते जवळ ठेवणं यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने एकेका संस्थेला गाठून नमुने नष्ट करायला किंवा ठरलेल्या ठिकाणी पाठवायला लावले. १९८३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेने आपला साठा नष्ट केला आणि अधिकृतपणे दोनच ठिकाणं उरली: अमेरिकेत अटलांटाचं रोगनियंत्रण केंद्र आणि रशियात मॉस्कोची प्रयोगशाळा. मॉस्कोचा साठा पुढे सायबेरियातल्या कोल्त्सोव्होच्या ‘व्हेक्टर’ संस्थेत गेला.

हिशेब जुळला असं वाटत असतानाच १ जुलै २०१४ रोजी वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथल्या सरकारी संशोधन आवारात एका शीतखोलीची आवराआवर चालली होती. कोपऱ्यात पुठ्ठ्याची काही खोकी सापडली. आत कापसात गुंडाळलेल्या, तोंड वितळवून बंद केलेल्या काचेच्या कुप्या होत्या. त्यातल्या सहांवर देवीच्या विषाणूचं नाव होतं. तो माल १९५० च्या दशकातला. साठ वर्षं कुणाच्याही यादीत नसताना त्या कुप्या तिथे होत्या, आणि तपासणीत दोन कुप्यांमधला विषाणू जिवंत निघाला. ज्याने त्या ठेवल्या त्याची लबाडी नव्हती. त्याच्या काळी देवी हा चालू रोग होता. तो माणूस गेला, खोली दुसऱ्या विभागाकडे गेली, खोकी तिथेच राहिली. घर सोडताना माळ्यावर राहून गेलेल्या ट्रंकेसारखी ही गोष्ट आहे.

उरलेल्या दोन साठ्यांचं काय करायचं, यावर जागतिक आरोग्य सभेत १९९६ पासून खल चालू आहे. तेव्हा ३० जून १९९९ पर्यंत साठे नष्ट करायचं ठरलं होतं. ती तारीख पुढे ढकलली गेली आणि नंतर पुन्हा पुन्हा ढकलली गेली. ठेवा म्हणणारे औषधांचं आणि चाचण्यांचं संशोधन पुढे करतात. जाळा म्हणणारे विचारतात, की आणखी किती वर्षं? मधल्या काळात या वादाच्या पायाखालची वाळूच सरकली. २०१८ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी टपालाने मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून घोड्यांच्या देवीचा विषाणू जुळवून दाखवला. माणसाच्या देवीचा तो भाऊबंद. त्याआधी २००२ मध्ये पोलिओचा विषाणूही असाच प्रयोगशाळेत रचला गेला होता. म्हणजे शेवटची कुपी जाळली, तरी तिची पाककृती छापलेली राहते. तरीही कुपी सांभाळणं महत्त्वाचंच, कारण पाककृतीवरून विषाणू रचायला ज्ञान, पैसा आणि हेतू लागतो. कुपी फुटायला एक घसरलेला हात पुरतो.

बुळकांडी: पुणे, मुक्तेश्वर, भोपाळ

गुरांच्या बुळकांडीला इंग्रजीत रिंडरपेस्ट म्हणतात. ताप, तोंडात फोड, नाका-डोळ्यांतून स्राव, मग न थांबणारे जुलाब आणि काही दिवसांत मरण. धानाच्या मुलखात बैल गेला की हंगाम गेला, आणि हंगाम गेला की घर सावकाराच्या दारात. १८८० च्या दशकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिकेच्या शिंगात पोचला. इटालियन सैन्यासाठी नेलेल्या गुरांबरोबर तो तिथे गेला असं मानतात. इथिओपियाची बहुतेक गुरं मेली आणि मागोमाग दुष्काळाने माणसं मेली.

या रोगाच्या भारतीय संशोधनाची सुरुवात पुण्यात झाली. १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. पण गुरांचा जालीम रोग गजबजलेल्या शहरात हाताळायचा कसा? १८९३ मध्ये ती संस्था कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. पुढे तीच भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. विषाणू म्हणजे काय हे नीट उमगलेलं नव्हतं, हवा गाळणाऱ्या यंत्रांचा पत्ता नव्हता. तेव्हाच्या माणसांना एक मात्र कळत होतं, की धोक्याची वस्तू वस्तीपासून लांब ठेवावी. डोंगर आणि जंगल हीच त्यांची भिंत होती.

मुक्तेश्वरलाच १९२० च्या दशकात शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केलेली लस तयार झाली. १९५४ पासून देशभर मोहिमा झाल्या, शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत झाला आणि २००६ मध्ये भारत या रोगाच्या संसर्गातून मुक्त ठरला. २०११ मध्ये सारं जग मुक्त झालं. माणसाने संपवलेला देवीनंतरचा हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिलाच.

इथे नमुन्यांचा प्रश्न देवीच्या अनुभवामुळे लवकर हातात घेतला गेला. ज्या देशांकडे विषाणू होता त्यांना दोनच वाटा दिल्या गेल्या: नष्ट करा, नाहीतर मान्यताप्राप्त केंद्रात ठेवा. भारताने २०१२ मध्ये भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेला बुळकांडीच्या साहित्याचं राष्ट्रीय कोठार ठरवलं. ही तीच प्रयोगशाळा, जिथे २००६ मध्ये नवापूरच्या मेलेल्या कोंबड्यांचे नमुने गेले होते आणि भारतातला पहिला बर्ड फ्लू पक्का झाला होता. मे २०२५ मध्ये पशुआरोग्याची जागतिक संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी तिला बुळकांडीचा विषाणू ठेवणारं ‘अ’ श्रेणीचं केंद्र म्हणून मान्यता दिली. अशी केंद्रं जगात मोजकीच आहेत.

इंग्लंडच्या पर्ब्राइट संस्थेने वेगळी वाट धरली. आपल्याकडच्या नमुन्यांचा जनुकीय अनुक्रम आधी वाचून संगणकात उतरवला आणि जून २०१९ मध्ये त्यांतले अखेरचे नमुने नष्ट केले. माहिती राहिली, जीव गेला. बुळकांडीच्या बाबतीत ही तडजोड पटण्यासारखी आहे. आजचा प्रत्येक तरुण बैल या रोगाशी ओळख नसलेला, म्हणजे पुरता उघडा आहे. रोग परत आलाच तर लस हाताशी हवी, म्हणून लसीचं बीज ठेवायचं. ज्याचा उपयोग सांगता येत नाही, तो रोगट नमुना नुसती आठवण म्हणून ठेवायचा नाही.

पोलिओ: न ओळखू येणारी कुपी

पोलिओचं प्रकरण या दोहोंपेक्षा अवघड आहे, आणि त्याचं केंद्र मुंबईत परळला आहे. हाफकिनच्या आवारातलं एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचा मुंबई विभाग, ही पोलिओची जागतिक दर्जाची प्रयोगशाळा आहे. एखाद्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, की त्याच्या शौचाचे दोन नमुने, किमान चोवीस तासांच्या अंतराने, पहिल्या चौदा दिवसांत घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून तपासणीला पाठवायचे. लस गावात थंड येते, नमुना गावातून थंड जातो. म्हणून कर्मचारी याला उलटी शीतसाखळी म्हणतात. मुंबईतल्या सांडपाण्यातून विषाणू शोधण्याचं कामही याच प्रयोगशाळेने २००१ च्या सुमारास सुरू केलं.

याच प्रयोगशाळेला एक चमत्कारिक पाहुणा सापडला. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू जगात शेवटचा दिसला तो १९९९ मध्ये अलीगढला. आणि २००२ व २००३ मध्ये लुळेपणा आलेल्या काही भारतीय मुलांच्या नमुन्यांत दुसरा प्रकार पुन्हा दिसला. तो परत आला होता का? डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अनुक्रम तपासला तेव्हा तो अलीगढच्या घराण्यातला निघाला नाही. तो होता ‘एमईएफ-१’. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजेत मिळालेला, तेव्हापासून प्रयोगशाळांत आणि लसनिर्मितीत वाढवला जाणारा विषाणू. निसर्गात तो फिरत नव्हता. मुलांच्या पोटात तो आला म्हणजे माणसांच्या कारभारातूनच आला.

हा एमईएफ-१ पुन्हा भेटतो तो एप्रिल २०१७ मध्ये, नेदरलँड्समधल्या एका लस कारखान्यात. तिथे द्रव सांडला. दोन कर्मचारी जवळ होते, दोघांचंही लसीकरण पूर्ण झालेलं. चार दिवसांनी एकाच्या शौचात आणि सांडपाण्यात विषाणू सापडला. त्याला घरातच वेगळं ठेवलं आणि त्याच्या शरीरातून विषाणू जाणं थांबेपर्यंत, म्हणजे एकोणतीस दिवस, नमुने तपासले. पुढे कुणालाही लागण झाली नाही. लस घेतलेला माणूस स्वतः लुळा पडत नाही, पण विषाणू वाहून नेऊ शकतो. पोलिओचा डाव इथेच अवघड होतो, कारण निसटलेल्या विषाणूचा पहिला वाहक ठणठणीत दिसतो. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या एका कारखान्यातून तिसऱ्या प्रकारच्या जिवंत विषाणूचा ४५ लिटर द्रव चुकून सांडपाण्यात गेला, तेव्हाही डोळ्यांना काही दिसलं नव्हतं.

कारखान्यांत हा विषाणू लागतो तरी कशाला? टोचायची पोलिओ लस बनवायची तर जिवंत विषाणू मोठ्या टाक्यांत वाढवून मग फॉर्मलिनने मारावा लागतो. पारंपरिक लसीत हा विषाणू रानटी वंशाचा असतो. पोलिओ थांबवणाऱ्या लसीचा कारखानाच पोलिओचा मोठा साठा बाळगतो. सौम्य केलेल्या विषाणूपासून अशी लस करण्याची वाट काहींनी धरली आहे, ती याच काळजीपोटी.

तोंडाने द्यायच्या लसीतून दुसरा प्रकार काढून टाकण्याचा बदल भारतात २५ एप्रिल २०१६ रोजी झाला. त्या दिवसापासून दुसऱ्या प्रकारचा कुठलाही विषाणू, लसीतला सौम्यसुद्धा, आवरून ठेवण्याची वस्तू झाला. तरी २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका उत्पादकाच्या नव्या लसीत दुसरा प्रकार मिसळलेला निघाला, आणि ती लस उत्तर प्रदेश, तेलंगण आणि आपल्या महाराष्ट्रातही वापरली गेली होती. नवी लस, नवं लेबल, आणि आत जुनं बीज.

पण पोलिओच्या साठ्याचं सगळ्यात मोठं बीळ फ्रीजरमध्ये आहे, आणि त्यावर पोलिओ असं लिहिलेलंही नाही. पोलिओचा विषाणू आतड्यात राहतो. समजा, १९९० च्या दशकात कुणी मुलांच्या जुलाबाचा अभ्यास केला, शौचाचे शे-दोनशे नमुने गोठवले आणि नंतर दुसऱ्या कामाला लागलं. त्या काळी त्या भागात पोलिओ असेल, तर त्यातल्या काही कुप्यांत तो असू शकतो. लेबलवर ‘रोटाव्हायरस’, आत पोलिओ. म्हणूनच निर्मूलनाच्या आराखड्यात ‘संभाव्य संसर्गजन्य साहित्य’ असा वेगळा वर्ग आहे, आणि प्रत्येक देशाला महाविद्यालयांचे, इस्पितळांचे, कृषी आणि पर्यावरण संस्थांचेही फ्रीजर धुंडाळावे लागतात. या कामाला शास्त्रज्ञापेक्षा भांडारपाल जास्त लागतो: जुनं लॉगबुक काढणारा, पुसट शाई वाचणारा, आणि निवृत्त सरांना फोन करून ‘ही २३ नंबरची ट्रे कशाची हो?’ असं विचारणारा.

भिंत कशाची असते

कोंडून ठेवणं म्हणजे जाड भिंती, असा आपला समज असतो. भिंती लागतातच. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेची चौथ्या, म्हणजे सर्वोच्च पातळीची प्रयोगशाळा आहे. २०१८ मध्ये केरळातला निपाह पक्का करण्याच्या कामात या संस्थेचा मोठा वाटा होता. अशा ठिकाणी आतल्या खोलीचा हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात. दार उघडलं तर हवा आत ओढली जाते, बाहेर पडत नाही. बाहेर सोडायची हवा बारीक गाळण्यांतून जाते. आतलं पाणी शिजवून निर्जंतुक केल्याशिवाय गटारात जात नाही, वस्तू दोन दारांच्या ऑटोक्लेव्हमधून निघते, माणूस अंघोळ करून.

आणि तरी सगळ्यात कच्चा दुवा माणूसच राहतो. याच संस्थेने, जेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं तेव्हा, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला माकडतापाचा विषाणू शोधला. त्यावर काम करताना प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. रोग ओळखणारे त्याच रोगाने अंथरुणाला खिळले. विदर्भाला या गोष्टी आता लांबच्या राहिलेल्या नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली आहे. माणूस, गुरं आणि रान यांच्यातले रोग एकत्र अभ्यासणारी संस्था भंडाऱ्याच्या शेजारी येणं चांगलंच. पण तिच्या इमारतीइतकंच लक्ष तिच्या वीजपुरवठ्याकडे, जनरेटरच्या डिझेलकडे, फ्रीजरच्या अलार्मकडे आणि रात्रपाळीला तो अलार्म ऐकणाऱ्या माणसाकडे द्यावं लागेल. उन्हाळ्यात ४५ अंशांचा पारा आणि गेलेली लाईट कशी असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेचा पोलिओसाठीचा आराखडा २०२२ मध्ये सुधारून चौथ्यांदा आला. त्याने या भिंतीची तीन कडी मानली आहेत. पहिलं कडं प्रयोगशाळेचं: इमारत, यंत्रं, नियम, नोंदवह्या, बाहेरच्यांकडून तपासणी. दुसरं कडं भोवतालच्या समाजाचं: मुलांचं लसीकरण किती टक्के झालंय. तिसरं कडं जागेचं: गटारं बंद आहेत का, सांडपाणी प्रक्रिया होऊन जातं का. पहिलं कडं फुटलं तर दुसऱ्याने अडवायचं, दुसरं अपुरं पडलं तर तिसऱ्याने. मामा तलावांच्या मुलखातल्या माणसाला हे लगेच कळेल. पाळ कितीही उंच बांधा, खेकड्याचं बीळ बुजवायचं राहिलं की ती एका रात्रीत फुटते. म्हणून पाळीबरोबर सांडवा लागतो, आणि खालच्या बांधीतल्या माणसाला जागं राहावं लागतं.

तीन कड्यांच्या या कसोटीवर आपलं चित्र संमिश्र आहे. पहिल्या कड्यात आपण मागे नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेला पोलिओविषाणू ठेवणारं केंद्र म्हणून नेमलं आहे, भोपाळला २०२५ मध्ये जागतिक मान्यता मिळाली, पुण्याचा दर्जा सिद्ध आहे. तिसऱ्या कड्यात आपण कच्चे आहोत. परळसारख्या दाट वस्तीत, पावसाळ्यात तुंबणाऱ्या गटारांच्या शहरात हे कडं आपोआप मिळत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या माणसांनी पुण्याहून मुक्तेश्वरला बिऱ्हाड हलवलं, तो प्रश्न अजून जिवंत आहे. हलवण्याचं उत्तर आज दर वेळी व्यवहार्य नसतं. मग उरतं ते इतकंच: लागेल तेवढंच ठेवणं, शक्य तिथे अनुक्रम वाचून नमुना नष्ट करणं, जुने फ्रीजर मोजणं, आणि चूक झाली की ती सांगणाऱ्याला शिक्षेची भीती न वाटणं. नेदरलँड्समधला द्रव सांडला ते त्याच दिवशी कळलं, म्हणून एक माणूस घरात बसवून प्रकरण मिटलं. बर्मिंगहॅममध्ये कळायला रुग्ण लागला.

आणि दुसरं कडं? त्याचा पत्ता मुंबई किंवा पुणे नाही. परळच्या फ्रीजरमधून उद्या काही निसटलंच, तर ते रेल्वेने, एसटीने, लग्नाच्या वऱ्हाडातून कुठेही जाऊ शकतं. ते आसगावात पोचलं, तर त्याला अडवणारी वस्तू एकच आहे. सहा आठवड्यांच्या, चौदा आठवड्यांच्या आणि नऊ महिन्यांच्या बाळाला टोचलेली पोलिओची लस, आणि लसीकरणाच्या दिवशी सिस्टरने कार्डावर घातलेली तारीख. धान कापणीच्या दिवसांत आई शेतावर असते, बाळाला आजीजवळ ठेवलेलं असतं, आणि नऊ महिन्यांचा डोस राहून जातो. आशाताई दुसऱ्या मंगळवारी पुन्हा घरी येते, कार्ड मागते, रिकामा चौकोन दाखवते. आजी कुरकुरते, की पोलिओ तर गेला ना? मग बाळाला उचलून तिच्यामागे अंगणवाडीकडे निघते.